दार, लाकडी, जुने

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं रकाने म्हणायचे. आपली वस्तू कुठे ठेवलीय हे ज्यांना ठाऊक असतं ती, आणि इतर. 'इतर' हा शब्द उच्चारताना त्यांचं तोंड काढा प्यायल्यासारखं व्हायचं.

रकाने हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या रेडिओ केंद्रात ते ध्वनिमुद्रणांचा कॅटलॉग सांभाळत. कॅटलॉगात एखादा रकाना रिकामा दिसला की त्यांना घास उतरत नसे, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते त्यांना अंगरख्यासारखं बसलं. खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. पगारपत्रक मी काढतो, आणि राहायलाही त्यांच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर आहे. त्यामुळे या माणसाची जमेची बाजू मला ऑफिसात दिसायची आणि खर्चाची बाजू घरी ऐकू यायची. खालचं भांडण वर पोचेपर्यंत त्यातले शब्द गळून जातात, सूर तेवढे उरतात. पण ताळेबंद मांडायला सूर पुरतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. साखरेवर 'साखर', मिठावर 'मीठ', आणि एका डब्यावर 'रिकामा'. त्या डब्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, एकदा लवंगा भरल्या, तर यांनी लवंगा बाहेर काढून डबा पुन्हा चिठ्ठीप्रमाणे केला.

त्या वर्षी दोन बदल्या एकदमच झाल्या. नदीपलीकडच्या गावातलं छोटं रेडिओ केंद्र बंद झालं आणि तिथली सगळी ध्वनिमुद्रणं आमच्याकडे आली. आणि त्याच गावात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या रकान्यांच्या सासूबाई, गुडघ्यांनी जिने चढायला साफ नकार दिल्यावर, एक लोखंडी ट्रंक घेऊन लेकीकडे आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. दोन्ही बदल्यांची व्यवस्था रकान्यांवर आली, आणि दोन्हीकडे त्यांनी एकच चूक केली. पण ते पुढे.

पलीकडच्या केंद्राची पद्धत आमच्याहून वेगळी होती. त्यांच्या फायलींना नुसते क्रमांक. कुठल्या क्रमांकात काय आहे ते मूळ टेपच्या खोक्यावर हाताने लिहिलेलं असायचं, आणि खोकी वाळवीने वाचून संपवली होती. आता आमच्या कॅटलॉगचा स्वभाव असा, की दुसऱ्या प्रणालीतून एखादी फाइल आली आणि तिच्या प्रकाराचा रकाना रिकामा असला, तर तो तिच्यापुढे 'मूळ: परकी प्रणाली' असं लिहितो आणि तिला आपणहून 'इतर'मध्ये बसवतो. 'इतर'मध्ये गेलेली फाइल पुन्हा कोणाच्या कामाला येत नाही. शोधायचं कशावरून? समारंभात ओळख करून न दिलेल्या पाहुण्यासारखी ती भिंतीला टेकून उभी राहते.

केंद्रप्रमुखांनी रकान्यांना बोलावलं. मुख्य कार्यालयातून तपासणी यायची होती.

"रकाने, तुमचं हे 'इतर' फुगलंय किती! पाहुणे येणार असले की घरातल्या पसाऱ्याचं आपण काय करतो?"

"आवरतो, साहेब."

"मग आवरा. पाहुणे यायच्या आत."

सगळ्या फायली अथपासून इतिपर्यंत ऐकायच्या तर रकाने निवृत्त झाले असते आणि त्यांच्या जागी आलेला माणूसही. म्हणून त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक फाइलचे पहिले तीन सेकंद ऐकायचे आणि प्रकार ठरवून टाकायचा.

"शितावरून भाताची परीक्षा," ते मला म्हणाले.

"आणि नेमकं तेवढंच शीत कच्चं निघालं तर?"

"हिशेबवाले ना तुम्ही, शंका काढणारच. अहो, शीत कच्चं तर भात कच्चा."

महिनाभर कानाला हेडफोन लावून त्यांनी आवराआवर केली. एका विद्वानांचं समुद्रावरचं व्याख्यान खुर्ची ओढल्याच्या आवाजाने सुरू होत होतं. ते 'फर्निचर'मध्ये गेलं. एका कवयित्रीची मुलाखत 'खोकला, स्त्री, कोरडा' या नावाने नोंदली गेली. एका बासरीवाल्याने वाजवण्याआधी दीर्घ श्वास घेतला होता, तो 'वारा, हलका' झाला. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की 'इतर'मध्ये शून्य आलं. साहेबांनी रकान्यांची पाठ थोपटली, आणि रकाने त्या शून्याकडे असे बघत बसले की जणू ते त्यांच्या पहिल्या मुलाचं तोंड आहे.

इकडे घरी आक्का अजून कुठल्याच खान्यात बसल्या नव्हत्या. घरावर राज्य रकान्यांच्या आईंचं. दोन विहिणी एका छपराखाली म्हणजे एका वहीत दोन हस्ताक्षरं. कोणाचं वळण चांगलं यावर बोलायचं नाही, पण दोघी बघत असतात. आईंचं हत्यार होतं आदर. आक्का शेंगा सोलायला बसल्या की आई ताट ओढून घ्यायच्या. "अहो विहीणबाई, राहू द्या. तुम्ही पाहुण्या." आक्का कपड्यांच्या घड्या करायला लागल्या की, "ठेवा ठेवा, लोक काय म्हणतील?" दाराची बेल वाजली आणि आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या की आई स्वयंपाकघरातून धावत यायच्या. "बसा हो! पाहुण्यांनी दार उघडायचं म्हणजे काय!" पहिल्या आठवड्यात याला पाहुणचार म्हणतात. महिना उलटल्यावर ती हद्द असते. संध्याकाळी आई रेडिओपाशी बसत तेव्हा आक्का गॅलरीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या, कारण रेडिओशेजारच्या खुर्चीवर बसा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

आक्कांच्या पदरात मिरवण्यासारखी गोष्ट एकच होती. तरुणपणी त्यांनी त्या पलीकडच्या केंद्रावर एक गाणं म्हटलं होतं.

"एकच. पण रेडिओवर," त्या सांगायच्या. "आणि एका दमात. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बाई, पुन्हा घ्यायची गरजच नाही."

हकीगत सगळ्या नात्यागोत्याने ऐकली होती, गाणं कोणीच नाही. ते एका दुपारी एकदाच लागलं, आणि त्या दुपारी घरच्या रेडिओने डोळे मिटलेले होते.

"हो, सांगितलंत तुम्ही," आई म्हणायच्या. मग चहाचा एक घोट घेऊन, "कुठलं हो ते गाणं? नाही, आम्ही कधी ऐकलं नाही, म्हणून आपलं विचारलं."

आक्कांना पंचाहत्तरावं वर्ष लागणार होतं. वहिनींनी रविवारी सगळ्या नातलगांना बोलावायचं ठरवलं आणि आपल्या आईला काय भेट हवी म्हणून विचारलं. आक्का जावयाकडे वळल्या.

"जावईबापू, मला वस्तू नको. माझं गाणं आता तुमच्याच ऑफिसात आलंय. तेवढं सगळ्यांना ऐकवा, झालं."

रकान्यांनी छाती पुढे काढून हो म्हटलं. कॅटलॉगात शोधणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी 'गाणी' उघडलं, त्यात 'स्त्री', त्यात 'एकटी', त्यात 'परकी प्रणाली', आणि सापडली तेवढी गाणी ऐकली. अर्थात आपल्या पद्धतीने, पहिले तीन सेकंद. आक्कांचा आवाज कशातच नव्हता. रात्रीच्या जेवणाला त्यांनी निकाल दिला. वहिनींनी मला आमटीची वाटी द्यायला बोलावलं होतं, म्हणून तो मीही ऐकला.

"आक्का, बघितलं मी. नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"कॅटलॉगात नाही. आणि 'इतर' तर आता रिकामंच आहे. म्हणजे कुठेच नाही."

"अहो, पण मी गायले ना!"

"गायला असाल. नोंद नाही."

आईंनी सुनेच्या ताटात भात वाढला. "जाऊ द्या हो विहीणबाई. वय झालं की होतं असं. मलाही हल्ली वाटतं, मी लहानपणी पोहण्यात पहिली आले होते."

आक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. सकाळी खालून लोखंड फरशीवर ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनी वर आल्या.

"भाऊजी, तुम्ही तरी यांना सांगा. आई ट्रंक भरतेय. म्हणते, रविवारी लोक येणार आहेत म्हणून थांबते, सोमवारी जाते."

"तिकडे तीन जिने आहेत ना?"

"तेच म्हटलं मी! तर म्हणते, गुडघे दुखले तर चालतील. ज्या घरात माझ्या शब्दाला 'नोंद नाही' म्हणतात तिथे जेवण जात नाही." वहिनींनी डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर त्यांतून नवऱ्यासाठी ठिणगी निघाली. "आणि हे! यांना आईचं काही नाही. त्यांचं ते शून्य कसं बरोबर आहे, हेच सांगत बसलेत!"

शुक्रवारी संध्याकाळी मध्यस्थी करायला मी खाली गेलो. मध्यस्थी म्हणजे दोन्हीकडचा चहा प्यायचा. आई रेडिओपाशी होत्या. आमच्याच केंद्राची 'तळघरातलं पाऊल' ही भयमालिका तेव्हा गाजत होती, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त गाजत होतं ते तळघराचं दार. प्रत्येक भागाच्या शेवटी ते उघडायचं आणि अंगावर काटा यायचा. नायकाला आली नाहीत एवढी पत्रं त्या दाराला आली होती. रकाने खुर्चीत बसून शेंगदाणे खात होते. आतल्या खोलीत, दार उघडं टाकून, आक्का ट्रंक भरत होत्या. त्या दिवशी वारा सुटला होता म्हणून गॅलरीत बसणं जमलं नव्हतं.

रेडिओवर पावलं वाजली. किल्ली फिरली. सगळं शांत झालं. मग ते दार उघडलं: "आँऽऽऽईऽऽऽ..."

आई खुर्चीत आखडून बसल्या. आतून आक्का अर्धी घडी घातलेला झंपर हातात घेऊन बाहेर आल्या.

"ही मी आहे."

"कोण?" आई दचकल्या. "भूत?"

"भूत नव्हे. ते आत्ता वाजलं ते."

"ते दार होतं, विहीणबाई."

"दार नाही, मी आहे. माझ्या गाण्याची सुरुवात आहे ती."

आईंनी पुसण्याचा फडका तोंडाशी नेला. फडक्यामागे त्यांचे खांदे हलत होते. "म्हणजे तुम्ही... दार?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, एवढाच प्रश्न त्या नजरेत होता. मी रकान्यांकडे बघितलं. त्यांचं चावणं थांबलं होतं. वहीची बेरीज जुळली म्हणून माणूस दिवा मालवायला उठतो, आणि हातात एक पावती उरलेली दिसते. तसं ते तोंड होतं.

"मी बघतो," ते म्हणाले, आणि न खाल्लेले शेंगदाणे डब्यात परत टाकले. 'रिकामा' लिहिलेल्या डब्यात. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी भयंकर घडलंय.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं नाट्यविभागात गेलो. तिथल्या बाई भयमालिका करतात, पण त्यांचं हसणं ऐकून शेजारच्या स्टुडिओतलं मुद्रण पुन्हा घ्यावं लागतं. रकान्यांनी विचारलं, तळघराचं दार कुठून आणलंत?

"तुमच्याच कॅटलॉगातून! काय दार आहे हो! मी चाळीसेक दारं ऐकली. सगळी नुसती करकरतात. हे एकटं दार दुःखी आहे."

त्यांनी पडद्यावर नोंद उघडली. 'दार, लाकडी, जुने. मूळ: परकी प्रणाली. प्रकार ठरवणारा:' आणि पुढे रकान्यांचं ते खरं नाव, जे माझ्या पगारपत्रकाबाहेर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पुढचं ऐकलंय तुम्ही?" रकान्यांनी विचारलं.

"पुढचं कशाला? दार उघडलं की माझं काम झालं."

रकान्यांनी फाइल लावली. तीन सेकंद दार उघडलं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, रकान्यांनी चौथा सेकंद ऐकला.

दार उघडून एक मुलगी बाहेर आल्यासारखं झालं. तो चिरका स्वर जरा चाचपडला, त्याला वाट सापडली, आणि ती मुलगी गाऊ लागली. गाणं साधंच. कोणीतरी येणार म्हणून अंगण झाडलं, दिवा पुसला, आणि येणारा आलाच नाही, तरी अंगण झाडलेलं बरं दिसतंय, अशा अर्थाचं. आवाज फार मोठा नव्हता. पण प्रत्येक ओळ ती अशी खाली ठेवत होती की जणू भरलेलं भांडं ठेवतेय आणि थेंब सांडू द्यायचा नाहीय. नाट्यविभागाच्या बाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या तर आमच्या केंद्रात त्याची बातमी होते.

गाणं संपलं, पण फाइल संपली नव्हती. एका पुरुषाचा आवाज आला: "झालं, बाई."

मग त्या मुलीचा: "अहो, सुरुवात पुन्हा घेऊ या ना. गळा उघडलाच नव्हता. कसलातरीच आवाज निघाला."

"टेप संपत आलीय. राहू द्या. एवढं बारीक कोण ऐकतंय?"

"पण..." आणि खट्.

"एका दमात," मी म्हणालो.

"परत घ्यायची गरजच नाही," रकाने म्हणाले.

काखेत कळसा सापडला होता, पण कळशाला पोचा होता. सासूबाई खऱ्या ठरत होत्या आणि त्याच फाइलच्या शेवटी थोड्या खोट्याही. मी सुचवलं, शेवटचं बोलणं कापून टाका.

"छे! फाइल जशी आली तशी ठेवायची असते."

"मग घरी काय सांगणार?"

"गाणं सापडलं म्हणून सांगेन."

"आणि कुठे सापडलं असं आक्कांनी विचारलं तर?"

"आक्का नाही विचारणार." रकान्यांनी पंख्याकडे बघितलं. "आई विचारेल."

"रकाने, एक आत्ताच सांगून ठेवते," नाट्यविभागाच्या बाईंना कंठ फुटला. "दार मी परत देणार नाही."

"ते दार नाही! माझ्या सासूबाई आहेत त्या!"

"असतील. पण तळघराला त्याच लागतात."

अडचण खरी होती. आमच्या कॅटलॉगात एका फाइलला एकच प्रकार. गाण्यात नेली की ती 'साउंड इफेक्ट'मधून उठली, आणि मालिकेचे भाग अजून बरेच उरले होते.

रविवारी खालचं घर भरलं. मावश्या, चुलते, त्यांच्या सुना, सगळे. आक्का नवी साडी नेसून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि आतल्या खोलीत ट्रंकेला कुलूप लागलेलं होतं. रकान्यांनी फोनला स्पीकर जोडला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आक्कांचं गाणं सापडलंय."

आक्कांनी मान वर केली. आईंनी चहाचा कप खाली ठेवला. रकान्यांनी बटण दाबलं.

"आँऽऽऽईऽऽऽ..."

"अय्या!" एक मावशी ओरडली. "हे तर तळघराचं दार!"

खोली हसण्याने फुटायची बाकी राहिली. कोणीतरी भुतासारखे हात वर केले. आक्कांचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा झाला. त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि उठू लागल्या. रकान्यांनी फोन थांबवला.

"थांबा! हसू नका. ते दार नाही." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "ते दार मी केलं. पलीकडून फायली आल्या त्या नीट ऐकल्याच नाहीत मी. नुसते पहिले तीन सेकंद ऐकायचो आणि चिठ्ठी चिकटवायचो. आक्कांना मीच 'दार, लाकडी, जुने' असं लिहिलं."

जावयाने सासूला काय काय म्हटल्याचं लोकांनी ऐकलेलं असतं, पण सरकारी नोंदीत 'लाकडी' म्हटल्याचं पहिल्यांदाच.

"जुने?" आक्का म्हणाल्या. "बावीस वर्षांची होते मी तेव्हा."

"आक्का, बसा. आता पूर्ण ऐका."

गाणं लागलं. पहिल्या ओळीला एकदोघं अजून गालात हसत होती. तिसऱ्या ओळीला कप वाजायचे थांबले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून आपल्या आईकडे अशा बघत होत्या, जणू ही बाई आपल्या जन्माआधी कोण होती ते आजच कळतंय. आक्का कोणाकडेच बघत नव्हत्या. ओठ तेवढे हलत होते, आणि शब्द सगळे पाठ होते.

शेवटची ओळ संपली. रकान्यांचा अंगठा बटणावर तयारच होता. पण आईंचे कान त्यांच्या अंगठ्याहून चपळ.

"थांबवू नकोस. अजून काहीतरी आहे."

"काही नाही गं आई, खरखर आहे."

"खरखर ऐकू दे."

आणि सगळ्यांनी ऐकलं. सुरुवात पुन्हा घेऊ या ना. गळा उघडलाच नव्हता. कसलातरीच आवाज निघाला.

आक्का लाल झाल्या. आजवर सांगितलेलं 'एका दमात' खोलीच्या मधोमध येऊन बसलं, आणि त्याला कोणी चहा विचारेना.

"हां," त्या पुटपुटल्या. "तर... तेवढं सोडून एका दमात."

सगळ्यांनी आईंकडे बघितलं. मी हिशेबाचा माणूस आहे; अशी संधी कितीची असते ते मला कळतं. दोन विहिणींच्या व्यवहारात एवढं मोठं येणं एकाच दिवशी हातात पडत नाही. जन्मभर पुरवून पुरवून वापरता आलं असतं. आईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सुरुवात दारासारखी झाली हे तुम्ही त्याच मिनिटाला सांगत होतात. आमच्या चिरंजीवांनी एवढ्या वर्षांनी ऑफिसात बसून तोच शोध लावला, आणि त्याचा त्याला पगार मिळतो." मग जरा आवाज उतरवून, "पुढचं मात्र काही बिघडलेलं नाही हो, विहीणबाई." आणि मुलाला, "लाव रे पुन्हा. पहिल्यापासून. दारासकट."

गाणं पुन्हा लागलं, आणि चहा झाल्यावर आणखी एकदा.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर रकाने आक्कांसमोर जाऊन बसले. ट्रंक अजून कुलपातच होती.

"आक्का, उद्या पहिलं काम, तुम्हाला दारातून काढून गाण्यात नेतो."

"आणि त्या मालिकेचं काय? दार कुठून आणणार त्या बाई?"

"त्यांचं त्या बघतील. एका फाइलला एकच प्रकार, नियमच आहे तसा."

दाराला आलेल्या पत्रांची हकीगत आक्कांच्या कानावर गेली होती. "जावईबापू, मी तुमच्या बायकोची आई आहे. तुमची सासू आहे. आणि तुमच्या आईची विहीण आहे. मला कापून तीन करणार आहात का?"

"तसं नाही, पण कॅटलॉग..."

"गाणं गाण्यात ठेवा. दार दारात ठेवा. मी दोन्हीकडे आहे. फक्त दोन्हीकडे नाव लावा माझं, फुकट करकरणार नाही मी."

"लाव की रे," आई आतून ओरडल्या. "डब्यात लवंगा ठेवल्या तरी घर पडलं नाही, फाइलीने काय पडतंय?"

सोमवारी ट्रंक हलली नाही. रकान्यांनी एका फाइलच्या दोन नोंदी केल्या. हे करताना ते दात काढून घेणाऱ्यासारखे बसले होते, पण केल्या. आणि मग त्यांनी पलीकडून आलेली प्रत्येक फाइल उचलून पुन्हा 'इतर'मध्ये नेऊन ठेवली, त्या लाडक्या शून्याचा स्वतःच्या हाताने बळी दिला, आणि हेडफोन लावून पहिल्या क्रमांकापासून ऐकायला बसले. अथपासून इतिपर्यंत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने फुगलेल्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? साहेबांना घाम फुटला. रकाने हेडफोन न काढता म्हणाले, "नवे आहेत, साहेब. ओळख चालू आहे."

त्या शुक्रवारी मी आमटीची वाटी परत करायला खाली गेलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा आत मालिका संपत होती, म्हणून जिन्यावरच थांबलो. खिडकीतून दिसत होतं की ट्रंक रिकामी होऊन रेडिओशेजारी आली आहे, तिच्यावर उशी आहे आणि उशीवर आक्का. आई नेहमीच्या खुर्चीत. निवेदक कलावंतांची नावं वाचत होता. शेवटी तो जरा थांबला. "आणि तळघराच्या दाराच्या भूमिकेत," असं म्हणून त्याने आक्कांचं नाव घेतलं. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.

आईंनी रेडिओ बंद केला आणि शेंगांचं ताट दोघींच्या मधोमध सरकवलं.

मी बेल वाजवली. आक्का सवयीने बसून राहिल्या.

"विहीणबाई, बसलात काय?" आईंचा आवाज आला. "दार बघा. ते खातं तुमचं."

आक्का गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश, पुरता वेळ घेत उठल्या. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि म्हणाल्या, "पाय पुसून या."